पुलाखालचे चार सेकंद

गाडी जुनी घेतली होती, तरी तिच्यातला एक रेडिओ माझ्यासाठी अगदी नवा होता. टपावर मागच्या बाजूला शार्कच्या पंखासारखा अँटेना आणि पडद्यावर एएम, एफएमच्या शेजारी 'एसएक्सएम' नावाचं बटण, म्हणजे सिरियसएक्सएम या वर्गणी भरून ऐकायच्या सॅटेलाइट रेडिओचं. ते दाबलं की नमुन्याचं एकच चॅनेल लागायचं, बाकी सगळ्यांना कुलूप. गाडी विकणाऱ्याने 'तीन महिने फुकट आहे, आपोआप सुरू होईल' असं छातीठोक सांगितलं होतं. दोन आठवडे झाले तरी आपोआप काहीच झालं नाही. विचारल्यावर कळलं, त्याने नोंदच केली नव्हती.

एरवी मी त्या बटणाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण नोकरी बदलली होती आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून डेन्व्हरला बस्तान हलवायचं होतं. सामान ट्रकने जाणार, नवरा आणि मुलगी विमानाने पुढे गेलेले, गाडी मात्र कुणीतरी चालवतच न्यायला हवी. सुमारे १००० मैल, म्हणजे १६०० किलोमीटर. सोबतीला बाबा, उन्हाळ्यापुरते पुण्याहून आलेले. बाबांनी टेलिफोन खात्यात उभी हयात मायक्रोवेव्हचे टॉवर सांभाळले आहेत. त्यांच्यासमोर 'सॅटेलाइट रेडिओ आहे, पण लागत नाही' असं म्हणायची चूक मी केली.

"लागत नाही म्हणजे काय? वरून येत नाही, का खाली कुलूप आहे?"

"कुलूप."

"मग किल्ली मागव."

किल्ली मागवायची तर आधी रेडिओचा नंबर लागतो. शून्य नंबरच्या चॅनेलवर गेलं की रेडिओ स्वतःची ओळख पडद्यावर दाखवतो. बाबा चष्मा लावून एकेक अक्षर वाचत होते, मी फोनवर भरत होते आणि नंबर चुकीचा असल्याचा निरोप येत होता. तीनदा झालं. बाबा 'ओ' म्हणत होते ते शून्य होतं. गोंधळ होऊ नये म्हणून या नंबरांत आय, ओ, एस आणि एफ ही अक्षरं वापरतच नाहीत, हे मी मागाहून वाचलं. बाबांचं म्हणणं, एवढी काळजी होती तर शून्याच्या पोटात रेघ मारायची होती.

मग सूचना आली: गाडी मोकळ्या आभाळाखाली आणा, इंजिन चालू ठेवा आणि थांबा. आम्ही गाडी गॅरेजबाहेर काढून बसलो. या रेडिओला फक्त कान आहेत, तोंड नाही. तो उपग्रहाला 'मी इथे आहे' असं सांगू शकत नाही. त्यामुळे उपग्रह सगळ्या देशावर तो नंबर पुकारत राहतो, लाखो गाड्या तो ऐकतात, आणि ज्या गाडीचा नंबर असेल तिचंच कुलूप निघतं.

"म्हणजे लग्नात माईकवरून पुकारतात तसं," बाबा म्हणाले. "एमएच बारा अमुक अमुक, पांढरी मारुती, मालकाने गाडी बाजूला घ्यावी."

काही मिनिटांनी मालकाची गाडी सापडली. पडद्यावर चॅनेलांची लांबलचक यादी उघडली.

बाबांचा उत्साह एवढा का होता, त्यालाही कारण आहे. पुण्याच्या आमच्या घरी वर्ल्डस्पेस या उपग्रह-रेडिओचा संच होता. पुस्तकाएवढा चपटा अँटेना खिडकीच्या गजाला बांधलेला, तोंड आग्नेयेकडे, कारण एशियास्टार उपग्रह १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. सकाळी गंधर्व चॅनेलवर हिंदुस्थानी संगीत लागायचं. कुणी खिडकी उघडताना अँटेनाला धक्का लावला की तोडी मध्येच थांबायची आणि बाबा आतून ओरडायचे. भारतातली ती सेवा २००९च्या ३१ डिसेंबरला संपली. संच अजून माळ्यावर आहे. तेव्हा उपग्रहाचा रेडिओ म्हणजे जागचं न हलणारी वस्तू, हे बाबांच्या डोक्यात पक्कं. ताशी ७० मैलांनी पळणाऱ्या, वळणाऱ्या, पुलाखालून जाणाऱ्या गाडीत तो कसा चालेल, हा त्यांचा प्रश्न होता. मला गाण्यांशी मतलब होता, त्यांना या प्रश्नाशी.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही शिकागो शहरात परीक्षा घेतली. उंच इमारतींच्या दरीत आभाळाची पट्टीच दिसते. तिथे रेडिओ बंद पडेल अशी माझी अटकळ होती, पण तो खणखणीत चालू राहिला. बाबांनी लगेच निदान केलं: "हा उपग्रह नाही. खाली कुठेतरी रिपीटर बसवलाय." बरोबर होतं. मोठ्या शहरांत जमिनीवरचे रिपीटर तोच कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करतात. मग आम्ही लोअर वॅकर ड्राइव्हवर, म्हणजे रस्त्याच्या खालच्या रस्त्यावर उतरलो. तिथे नकाशावाल्या बाईसुद्धा भांबावतात. काही सेकंदांत गाणं तुटलं. बाबा खूश झाले. कशाची मर्यादा सापडली की त्यांना ती वस्तू आवडायला लागते.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. अठ्ठ्याऐंशी नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला, मग मिसिसिपीच्या आसपास ऐंशी नंबरचा इंटरस्टेट धरायचा आणि जवळजवळ दीड दिवस तो सोडायचा नाही. इलिनॉयचा हा भाग सपाट आहे. आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं. उपग्रहासाठी याहून सोयीचा देश शोधून सापडणार नाही. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. इथून पाहिलं तर दक्षिणेकडे, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्यावर. तिथून निघालेला आवाज टपावरच्या त्या बोटभर पंखात पडतो, हे मला ठाऊक असूनही पटत नव्हतं.

पहिला ओव्हरब्रिज आला. बाबा पुढे सरसावून बसले. पूल डोक्यावरून गेला, जाझ चालूच. दुसरा पूल, तेच. तिसऱ्याला ते मोठ्याने 'एक, दोन' मोजायला लागले. मोजण्यासारखं काहीच घडत नव्हतं.

"सिमेंटच्या आरपार येणार नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "काहीतरी साठवून ठेवलंय."

याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. एकच कार्यक्रम दोन वाटांनी पाठवला जातो, पण दोन्ही एकदम नाही. एक जवळजवळ चार सेकंद मागे असतो. गाडीतला रेडिओ पुढे आलेला आवाज चार सेकंद स्वतःजवळ धरून ठेवतो आणि मागून येणाऱ्याशी जुळवून मग वाजवतो. पुलाखाली दोन्ही वाटा बंद झाल्या तरी हाताशी चार सेकंदांची शिदोरी असते. ती संपायच्या आत गाडी पलीकडे निघते, आणि बुडालेला तुकडा मागच्या वाटेने पुन्हा येतोच. बाबांनी मोबाइलवर हिशोब केला. ताशी ७० मैल म्हणजे सेकंदाला ३१ मीटर, चार सेकंदांत सव्वाशे मीटर. "सव्वाशे मीटर रुंदीचा पूल हायवेवर असतो का? नसतो. म्हणजे पळत राहा, तुटणार नाही."

आणि थांबलो तर? हेही कळायचं होतं. मिसिसिपी ओलांडायच्या थोडं आधी रस्त्याचं काम निघालं होतं, गाड्यांची रांग लागली आणि नेमके आम्ही एका पुलाखाली उभे राहिलो. सॅक्सोफोन चालू होता. बाबांनी बोट वर केलं. एक, दोन, तीन... आणि गप्प. पडद्यावर सिग्नल नसल्याची सूचना. बाबा इतक्या जोरात हसले की शेजारच्या ट्रकवाल्याने खाली वाकून पाहिलं. जो रेडिओ पळताना बोलतो आणि उभा राहिला की मुका होतो, असा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

या रेडिओचं घराणं थोडं गमतीदार आहे. १९९७ साली अमेरिकी सरकारने या लहरींचा लिलाव केला आणि दोन कंपन्यांनी प्रत्येकी ८ कोटी डॉलरहून जास्त मोजून परवाने घेतले. एकीची पुढे एक्सएम झाली, दुसरीची सिरियस. एक्सएमच्या दोन उपग्रहांची नावं रॉक आणि रोल; ते विषुववृत्तावर ठाण मांडून बसलेले. सिरियसने तीन उपग्रह लांबट कक्षेत फिरते ठेवले. प्रत्येकाने दिवसाचे सोळा तास उत्तर गोलार्धात काढायचे आणि मग दुसऱ्याने पाळी सांभाळायची. बाबांना ही गस्तीची पद्धत भारी आवडली, पण आता ती राहिली नाही. त्यांचेही उपग्रह एका जागी बसले. एक्सएमची सेवा २००१च्या १२ सप्टेंबरला सुरू व्हायची होती. आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे पडले. सुरुवात मग २५ सप्टेंबरला झाली. दोघींनी एकमेकींशी झुंजण्यात अफाट पैसा घातला. हॉवर्ड स्टर्न या एका निवेदकासाठी सिरियसने पाच वर्षांचा ५० कोटी डॉलरचा करार केला आणि २००६च्या जानेवारीत तो त्यांच्याकडे बोलायला लागला. २००८ साली शेवटी दोघींचं लग्न लागलं. संसार एक झाला तरी चुली मात्र दोन राहिल्या, कारण जुन्या गाड्यांतले रेडिओ एकमेकांची भाषा समजत नाहीत.

आयोवात शिरल्यावर वॉलकॉटला थांबलो. आपण जगातलं सगळ्यात मोठं ट्रकस्टॉप आहोत असं ते स्वतःच फलकावर सांगतं. शेकडो ट्रक उभे. सॅटेलाइट रेडिओ लवकर उचलून धरणाऱ्यांत ट्रकवालेच होते, आणि ट्रकवाल्यांसाठी रोड डॉग नावाचं खास चॅनेलही आहे. ते लावलं तर डिझेलचे भाव, झोपेचे नियम, पाठीचं दुखणं आणि बायकोशी फोनवर होणारी भांडणं असे विषय चालले होते. निवेदक एखाद्या एसटी कंट्रोलरसारखा, सगळ्यांना ओळखणारा. मी कुठल्याच गाण्याच्या चॅनेलवर एवढी रमले नाही.

गाण्यांबद्दल माझी तक्रार आहे, ती इथेच करून टाकते. आवाज खरखरत नाही, खरं; पण तो भरलेलाही वाटत नाही. दोन्ही घराण्यांना मिळून २५ मेगाहर्ट्झची पट्टी मिळाली, एकेकीला साडेबारा. एफएमच्या एका स्टेशनला ०.२ मेगाहर्ट्झ लागतात. म्हणजे एफएमच्या मापाने मोजलं तर साडेबारात बासष्ट स्टेशनं बसली असती. इथे तीच गोष्ट दोन-दोन वाटांनी पाठवायची, शिवाय रिपीटरची जागा, आणि वर शंभराहून जास्त चॅनेल. मग दाबून दाबून भरावं लागतं. ड्रमवाल्याच्या झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या येतात. गाडी ७० मैलांनी पळत असताना टायरच्या घरघरीत ते लक्षात येत नाही, सिग्नलला थांबलं की येतं. बाबांचा कान जास्त तिखट. सिम्फनी हॉल या पाश्चात्त्य संगीताच्या चॅनेलवर व्हायोलिन ऐकून ते म्हणाले, "हे लोणचं मुरलेलं नाही, नुसतं दाबलेलं आहे."

त्यांना आपलं चॅनेल सापडलं ते दुपारी: रेडिओ क्लासिक्स. १९४०च्या सुमाराच्या श्रुतिका, दार करकरतंय, पावलं वाजतायत, पिस्तूल झाडलं जातंय. इंग्रजी उच्चार अर्धेच कळत होते, पण आकाशवाणीवरच्या नभोनाट्यांवर वाढलेल्या माणसाला दार कोण उघडतंय ते शब्दांवाचून कळतं. "खून त्या भाडेकरूने केलाय," असं ते मध्यंतराआधीच सांगून मोकळे झाले. भाडेकरूच निघाला. मग बेसबॉल. मोठ्या लीगचा प्रत्येक सामना इथे ऐकता येतो. बाबांना नियम माहीत नव्हते, मलाही धड नाहीत, पण वर्णन करणाऱ्याचा सूर चढला की आम्ही दोघं गप्प व्हायचो आणि उतरला की बोलायला लागायचो. क्रिकेटची कॉमेंटरी ट्रान्झिस्टरवर ऐकणाऱ्यांना ही सवय असते.

पैशांचा विषयही निघालाच. वर्गणीच्या बिलात संगीताच्या मानधनाची वेगळी ओळ असते, ती पाहून मला राग आला होता. पण अमेरिकेत एफएम स्टेशन गाणं वाजवतं तेव्हा संगीतकार-गीतकाराला पैसे देतं, गाणाऱ्याला एक छदामही नाही. सॅटेलाइट रेडिओला मात्र गायक-वादक आणि रेकॉर्ड कंपन्यांसाठी उत्पन्नाच्या साडेपंधरा टक्के भरावे लागतात. बाबांना एफएमचं हे काही केल्या पटेना. मीही त्या ओळीवरचा राग जरा आवरता घेतला.

आयोवा या रस्त्यावर ३०६ मैल रुंद आहे. पूर्वी दोनदा मी इथून गेले होते, तेव्हा दर पन्नास-साठ मैलांवर एफएम खरखरायचं, एका स्टेशनच्या बोकांडी दुसरं बसायचं. कंट्री गाणी, रविवारचं प्रवचन, कुठल्या तरी शाळेच्या संघाचं अभिनंदन, बियाण्यांच्या जाहिराती. तेव्हा वैताग यायचा. या खेपेला तसलं काहीच नाही. सकाळी लावलेलं जाझ संध्याकाळीही तेच, त्याच निवेदिकेच्या आवाजात, न तुटता.

"कुठे आलो?" बाबांनी डोळे उघडत विचारलं.

"आयोवा. संपत आलं."

"रेडिओवरून काही कळत नाही," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मुक्काम नेब्रास्कातल्या लिंकन शहरात. जेवून आल्यावर बाबा खोलीत यायला तयार नाहीत. किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसले. दहाच्या सुमाराला मी पाहायला गेले तर त्यांनी एएम लावलेलं. आवाज समुद्राच्या लाटेसारखा चढत-उतरत होता. मध्येच स्पष्ट ऐकू आलं, शिकागोचं हवामान. ते ७२० किलोहर्ट्झवरचं डब्ल्यूजीएन होतं, आम्ही सकाळी मागे टाकलेल्या शहरातलं. रात्री एएमच्या लहरी वरच्या आयनांबरावर आपटून परततात आणि शेकडो मैल पलीकडे उतरतात.

"याला कुठला उपग्रह लागला?" बाबा म्हणाले. "वर्गणी किती?"

दुसऱ्या दिवशी निघायला उशीर केला. कर्नीला ऐंशी नंबरच्या रस्त्यावर कमानीसारखं आडवं बांधलेलं संग्रहालय आहे, पश्चिमेकडे गेलेल्या बैलगाड्यांच्या वाटेची गोष्ट सांगणारं. त्याच्या खालूनच गाड्या जातात. बाबांनी खालून जाताना चार सेकंद मोजले, मग वर जाऊन खिडकीतून गाड्या मोजल्या. तिथून निघेपर्यंत दुपार कलली होती.

लेक्सिंग्टनच्या पुढे पश्चिमेचं आभाळ निळसर काळं दिसायला लागलं. खाली मक्याची पोपटी शेतं, वर ढगाची भिंत. रेडिओवर पियानो. सुरेख, निवांत, एकही ओरखडा नाही. हा रेडिओ पावसाला दाद देत नाही. याच्या लहरींची लांबी तेरा सेंटिमीटरच्या आसपास, पावसाच्या थेंबांना त्या जुमानत नाहीत. घरच्या डीटीएचच्या लहरी याच्या पाचव्या हिश्श्याच्या, म्हणून तिथे सर आली की मालिकेतली सून गोठते.

"एएम लाव," बाबा एकदम म्हणाले.

"का? छान चाललंय हे."

"लाव गं."

लावलं आणि स्पीकरमधून तडतड सुरू झाली. पापड भाजल्यासारखी, मग जवळजवळ फटाक्यांची माळ. लांबवर वीज चमकली की तडतड. काही चमका आम्हाला दिसतही नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. "ही वीज आहे. किती आहे बघ," बाबा म्हणाले. टॉवरवर माणसं चढवायच्या आधी ते ट्रान्झिस्टर लावून ऐकायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

८८०वर एक दमदार स्टेशन लागलं. केआरव्हीएन, लेक्सिंग्टनचंच. १९४८-४९च्या हिवाळ्यातल्या बर्फाच्या वादळांत खेड्यापाड्यांना वेळेवर बातमी पोचली नाही, म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून १९५१ साली हे स्टेशन उभं केलं. आजही मालकी त्यांचीच. मक्याचा भाव सांगता सांगता निवेदक थांबला आणि त्याने इशारा वाचायला घेतला. जोराचं वादळ, क्वार्टरच्या, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याहून मोठ्या गारा, लिंकन काउंटीचा, म्हणजे लिंकन जिल्ह्याचा पूर्व भाग, वादळ पूर्वेकडे सरकतंय.

मी सुटकेचा श्वास सोडला. "लिंकन तर सकाळीच मागे टाकलं."

"शहर मागे टाकलं," बाबा फोनवर नकाशा मोठा करत म्हणाले. "काउंटी कुठे आहे ते बघू दे."

लिंकन शहर लँकेस्टर काउंटीत आहे. लिंकन काउंटी तिथून दोनशे मैल पश्चिमेला, नॉर्थ प्लॅटच्या भोवती. म्हणजे आमच्या समोर. त्या ढगाच्या बरोबर खाली. आम्ही होतो डॉसन काउंटीत आणि ताशी ७५ मैलांनी तिकडेच निघालो होतो. फोनवर धोक्याची घंटा वाजते, हे खरं, पण ती तुम्ही इशाऱ्याच्या हद्दीत असलात तर. आणि गारपिटीसाठी ती फारच मोठी असली तरच वाजते. सॅटेलाइट रेडिओचा तर दोषच नाही. नेब्रास्कातल्या एका काउंटीसाठी अख्ख्या खंडाचा पियानो कसा थांबवणार?

गॉथेनबर्गच्या एक्झिटला उतरलो आणि गॅस स्टेशनच्या छपराखाली गाडी घातली. आमच्यासारख्या आणखी पाच-सहा गाड्या, एक घोड्यांचा ट्रेलर. पाचेक मिनिटांत आभाळ फाटलं. गारा छपरावर अशा आदळत होत्या की बोलणं ऐकू येईना. मी सवयीने पुन्हा पियानोकडे गेले. पडदा कोरा: वर पत्रा, सिग्नल नाही. उभ्या गाडीची चार सेकंदांची शिदोरी केव्हाच संपली होती. ८८० मात्र तडतडत, खाकरत बोलत होतं. एकेका गावाचं नाव घेत होतं: मॅक्सवेल, ब्रेडी, मग गॉथेनबर्ग. आपण उभे आहोत त्या गावाचं नाव रेडिओवरून ऐकताना पोटात कसंसंच झालं. बाबांनी खिडकी दोन बोटं खाली करून बाहेर पडलेली एक गार उचलली आणि खिशातल्या क्वार्टरशेजारी धरली. "बरोबर सांगतोय," ते म्हणाले.

पाऊण तासाने रस्ता मोकळा झाला. सदरलंडच्या पुढे घड्याळ एक तास मागे गेलं आणि रात्री उशिरा आम्ही डेन्व्हरला पोचलो. शेवटचे दोनशे मैल पुन्हा जाझ होतं. मी बदललं नाही, बाबांनीही सुचवलं नाही.

जुलैत सगळे मिळून ग्लेनवुड कॅनियनला गेलो. सत्तर नंबरचा रस्ता तिथे कोलोरॅडो नदीवर कठड्यासारखा टांगलेला आहे, १९९२ साली पुरा झालेला. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. इथे फोन जातो, एफएम कधीच गेलेलं असतं आणि सॅटेलाइटचीही कसोटी लागते. बाबांनी पुढच्या सीटवर बसून हात लांब केला आणि मुठी मोजून दक्षिणेच्या कड्याची उंची मापायला सुरुवात केली. "हा चाळीस अंश, येईल. हा पन्नासच्या वर, जाणार." आणि जायचा. दहाबारा वळणांत त्यांचा अंदाज दोनदाच चुकला. मुलीला हा खेळ इतका आवडला की परतीच्या वाटेवर तिने आजोबांना मापू दिलं नाही, स्वतः मुठी मोजल्या. गाणं कुठलं चाललं होतं ते आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

ऑगस्टअखेर बाबा परत गेले आणि त्याच आठवड्यात तीन महिने संपले. एका सकाळी बटण दाबलं तर पुन्हा तेच एकटं नमुन्याचं चॅनेल. फोनवर बोलून मी वर्गणी चालू ठेवली. घासाघीस करता येते असं ऐकलं होतं. केली, थोडी झालीही. बाबा असते तर आणखी झाली असती. कामानिमित्त डोंगरापलीकडे जावं लागतं, दऱ्यांतून फोन चालत नाही, आणि रोड डॉगवाला तो कंट्रोलर आता सवयीचा झालाय. कुणी विचारलं तर सांगते, शहरात रोज वीस मिनिटं गाडी चालवणार असाल तर भानगडीत पडू नका.

एएमचं पहिलं बटण मी ८८०ला लावून ठेवलंय. परवा रात्री दहाला घरी पोचले, गाडी बंद करण्याआधी ते दाबलं. खरखरीमागून हळूहळू तो आवाज वर आला. तेवढ्यात पुण्याहून फोन. तिकडे सकाळचे साडेनऊ, बाबांचा दुसरा चहा.

"गाडीतच आहेस का?"

"हो. ८८० लागलंय, ऐका." मी फोन स्पीकरजवळ धरला.

बराच वेळ ते ऐकत होते. मग म्हणाले, "मका काय भाव म्हणाला तो? नीट कळलं नाही."